‘राव’ वेगळं लिहिलेलं होतं

२०२५ च्या सप्टेंबरात पावसानं काय केलं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. माझ्या माहेरच्या घरात दोन दिवस गुडघ्याएवढं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाली तशी मी सासरहून निघाले. जाऊन बघते तर माय ओसरीत बाज टाकून बसलेली आणि बाजेवर सगळा संसार वाळत घातलेला. गोधड्या, भावाची सातबाऱ्याची फाईल, लेकरांची दप्तरं आणि अण्णांच्या पत्र्याच्या पेटीतले कागद.

अण्णा म्हणजे माझे वडील. मानवतच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते. २००७ च्या श्रावणात गेले. तेव्हापासून ती पेटी कुणी उघडली नव्हती. मायला वाचता येत नाही, भावाला शेतीतून सवड नाही, आणि मला अण्णांचं अक्षर बघवत नव्हतं. अठरा वर्षं ती पेटी बाजेखाली होती. पुराच्या पाण्यानं ती आमच्यासाठी उघडली म्हणायची.

कागदांच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पासबुक होतं. पिशवीला कुठंतरी भोक पडलं असणार, कारण पानं एकमेकांना चिकटून पासबुकाचा लगदा झाला होता. माय म्हणाली, "ठिव तिकडं. हैद्राबाद बँकेचं हाय ते. ती बँकच ऱ्हायली न्हाई आता."

मी एका खेड्यात पोस्टाची शाखा डाकपाल आहे. दिवसभर लोकांची पासबुकं माझ्या हातात असतात. मजुरांची, निराधारच्या पगारावर जगणाऱ्या म्हाताऱ्यांची, लेकीच्या नावानं सुकन्या खातं काढणाऱ्या आयांची. भिजलेलं पासबुक उन्हात टाकायचं नसतं, पानं कडक होऊन फाटतात, हे मला अनुभवानं माहीत आहे. मी ते घरी आणलं, सावलीत ठेवलं, आणि रोज रात्री एखाद-दुसरं पान सुटेल तसं मधे रद्दीचा कागद सरकवत गेले. शाईच्या पेनानं केलेल्या नोंदी पसरून निळा ढग झाल्या होत्या. बॉलपेनच्या मात्र जशाच्या तशा होत्या. कधी शंभर भरलेले, कधी दीडशे. मोंढ्यात कापसाची आवक सुरू झाली की रक्कम थोडी मोठी व्हायची आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की एकदम खाली यायची. आमची दोघा बहिणींची आणि भावाची शाळेची सगळी वर्षं त्या कॉलमात दिसत होती. शेवटची नोंद २००६ मधली, शिल्लक ६,३१२ रुपये.

मायचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. ती बँक त्या नावानं आता नाही. आमच्याकडची जुनी माणसं जिला अजून ‘हैदराबाद बँक’ म्हणतात, ती निजामाच्या राज्यात १९४१ च्या कायद्यानं स्थापन झाली. तेव्हा इथं व्यवहार हाली म्हणजे निजामाच्या रुपयात चालायचा, इंग्रजांचा रुपया तो कलदार. माझे आजोबा शेवटपर्यंत ‘हाली की कलदार?’ असं विचारायचे. मराठवाडा १९४८ च्या १७ सप्टेंबरला मुक्त झाला, पुढं महाराष्ट्रात आला, पण बँकेचं नाव हैदराबादचंच राहिलं. १ एप्रिल २०१७ ला ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाटी बदलली आणि लोकांना वाटलं, खातीही गेली. तसं होत नाही. जुन्या बँकेतला रुपयान् रुपया नव्या बँकेच्या वहीत जातो. ग्रामीण बँकेचंही असंच झालं. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक २००९ मध्ये दुसऱ्या ग्रामीण बँकेत मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली. देना आणि विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात. तुमच्या घरात जुन्या नावाचं पासबुक असेल तर ‘बँक बुडाली’ असं कुणाचं ऐकू नका. ती कशात मिळाली तेवढं फक्त विचारा.

आता पैसे कुठं जातात ते सांगते, कारण यावरच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. खात्यात दोन वर्षं खातेदारानं काहीच व्यवहार केला नाही की बँक ते निष्क्रिय धरते. दहा वर्षं उलटली की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत पाठवावी लागते. ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी असं त्याचं नाव, २०१४ पासून आहे. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये पडून होते. अठ्ठ्याहत्तर हजार कोटी! यात कितीतरी मुनीम, हमाल, मास्तर, परिचारिका असतील, ज्यांनी घरात सांगितलंच नाही किंवा सांगायच्या आत गेले.

पण पैसे निधीत गेले म्हणजे सरकारजमा झाले असं नाही. हक्क संपत नाही. पंधरा वर्षांनी जा, वीस वर्षांनी जा, तुमच्या बँकेनं तुम्हाला व्याजासह पैसे द्यायचे आणि मग तिनं ते त्या निधीतून मागून घ्यायचे. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या दारात जायचं नाही, मुंबईला जायचं नाही. आपल्याच शाखेत जायचं.

कुठल्या बँकेत काय पडलंय हे शोधायला रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलं. पत्ता उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. मोबाईल नंबर टाकून ओटीपीनं आत जायचं, खातेदाराचं नाव लिहायचं, बँक निवडायची आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, जन्मतारीख यापैकी एक तरी माहिती द्यायची. एक पैसा लागत नाही. जुन्या बँकेचं नाव यादीत शोधू नका, सापडणार नाही. ती आज ज्या बँकेत आहे ती निवडा.

पासबुक हातात असताना शोधायची काय गरज, असं माझ्या नवऱ्यानंही विचारलं. पण पासबुकावरचा खाते क्रमांक धुऊन गेला होता, आणि मला उगाच वाटत होतं की अण्णांसारखा माणूस सगळं एकाच ठिकाणी ठेवणार नाही. मोंढ्यात आयुष्य काढलेला माणूस तो.

अण्णांकडे पॅन नव्हतं. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या माणसांची आहे तीच, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेली. मी त्यांच्या मतदार ओळखपत्राचा नंबर टाकला आणि नाव लिहिलं. रामकिशन, पुढं आमचं आडनाव. काही नाही. रामकिशनराव लिहिलं. काही नाही. रामकृष्ण लिहून बघितलं, कारण नांदेडकडचे पाहुणे लग्नपत्रिकेत तसं लिहायचे. तरी नाही. चार रात्री मी तोच खेळ मांडला. चौथ्या रात्री मला रडू आलं. अण्णा कुठल्याच नावानं ओ देत नव्हते.

मग पासबुकाचं पहिलं पान सुटलं. ते पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं म्हणून शेवटी राहिलं होतं. त्यावर बँकेतल्या कुणी कारकुनानं इंग्रजीत नाव लिहिलं होतं. ‘किशन’मध्ये एच नव्हता, म्हणजे वाचताना ‘किसन’. आणि ‘राव’च्या आधी जागा सोडलेली, वेगळा शब्द असल्यासारखी. आम्ही मराठवाड्यातली माणसं ‘राव’ नावालाच जोडून लिहितो. त्या कारकुनानं तो तोडला आणि अण्णा अठरा वर्षं त्या तोडलेल्या नावाखाली बसून राहिले.

तसं लिहिलं आणि एका क्षणात दोन ओळी आल्या. उद्गमवर रक्कम दिसत नाही, ते बरंच आहे, नाहीतर कुणीही कुणाचं धन मोजलं असतं. एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो घेऊन शाखेत जायचं. मला दोन क्रमांक मिळाले. एक बचत खात्याचा असणार. दुसरा कशाचा?

मी परत पासबुक घेतलं. नोव्हेंबर २००५ च्या पानावर, बॉलपेननं, खर्चाच्या कॉलमात लिहिलं होतं: ‘टू एफडीआर’, पुढं २५,०००. मुदत ठेव. पावती पेटीत नव्हती. मायला विचारलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या पाटल्यांचे हायेत ते."

२००३ मध्ये माझं लग्न झालं. तेव्हा मायच्या पाटल्या सावकाराकडं गहाण पडल्या हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी तिला म्हटलं होतं, थोडे थोडे जमवायलोय, तीन वर्षांत सोडवून आणतो. मागचं कुठलंतरी येणं मिळालं, त्यात बचत घातली आणि तीन वर्षांची ठेव केली. म्हणजे २००८ ची. ते गेले २००७ ला. पाटल्या बुडाल्या. ठेवीची गोष्ट तिला माहीत होती, पण पावती सापडेना, बँकेत जायची तिला भीती, आणि आम्हाला सांगितलं तर माझ्या लग्नाचा विषय निघेल म्हणून ती अठरा वर्षं बोलली नाही. हातातल्या काचेच्या बांगड्यासुद्धा तिनं अण्णा गेले तेव्हाच काढल्या होत्या, त्यामुळं पाटल्या कुठं गेल्या हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही.

शाखेत मी आणि भाऊ दिवाळी झाल्यावर गेलो. खिडकीवरच्या मुलीनं दोन्ही क्रमांक लिहून घेतले आणि कागदांची यादी दिली. नॉमिनी नव्हता, म्हणून वारसांचा दावा अर्ज, मृत्यूचं प्रमाणपत्र, मायचं आधार आणि फोटो, आम्हा तिघा भावंडांचं ‘आईला द्या, आमची हरकत नाही’ असं पत्र, आणि ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर हमीपत्र. नुसत्या शंभराच्या स्टॅम्पवर आता भागत नाही, जुना घरात असेल तर त्यावर लिहून आणू नका. माझी धाकटी बहीण पुण्याला असते, तिच्या सहीसाठी आठ दिवस गेले.

खरा वेळ खाल्ला तो नावानं. ग्रामपंचायतीच्या मृत्यू दाखल्यावर रामकिशन, मतदार ओळखपत्रावर रामकिशनराव, बँकेत किसन आणि तोडलेला राव. तीन कागद, तीन माणसं. मग शपथपत्र करावं लागलं की ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. मायनं त्यावर अंगठा दिला. नोटरीच्या टेबलाजवळ उभी राहून तिनं विचारलं, "ह्याच्यात काय लिव्हलंय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी सांगते की एकच व्हते म्हून. माझ्यापेक्षा कुणाला ठावं?"

एक इशारा द्यायचा राहिला. आम्ही कागद जमवत असताना तालुक्याला एका दुकानदारानं भावाला गाठलं. ‘वर ओळख आहे, वीस टक्के द्या, महिन्यात काढून देतो.’ भाऊ जवळजवळ हो म्हणाला होता. या कामात मध्ये कुणी लागत नाही. उद्गम फुकट आहे, दाव्याचा अर्ज फुकट आहे, निष्क्रिय खातं चालू करायला बँकेनं पैसे घ्यायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. व्हॉट्सअॅपवर ‘तुमचे बेवारस पैसे मिळवा’ म्हणून लिंक येतात, त्यांना हात लावू नका. आणि ओटीपी स्वतःच्या लेकराशिवाय कुणाला सांगू नका, लेकरालाही जपूनच.

दुसरं म्हणजे कोर्टाच्या वारस प्रमाणपत्राची भीती. माझ्या एका मैत्रिणीला चाळीस हजारांसाठी एका बँकेत ते आणायला सांगितलं आणि तिनं दावाच सोडून दिला. वारसांत वाद नसेल, मृत्युपत्र नसेल आणि रक्कम मर्यादेच्या आत असेल तर त्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये याचे नवे नियम काढले, ते लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत होती. मर्यादा व्यापारी बँकांना किमान १५ लाख आणि सहकारी बँकांना ५ लाख अशी आहे. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत निकाल लावायचा आहे. हे तोंडपाठ करून जा आणि शांतपणे सांगा. मैत्रिणीला मी परत पाठवलंय.

पोस्टाचं मी सांगितलंच पाहिजे, माझंच घर ते. पोस्टाच्या बचत खात्यात तीन आर्थिक वर्षं काही झालं नाही की ते मूक खातं होतं, आणि पुढं सात वर्षं कुणी फिरकलं नाही की पैसे ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात. एलआयसी आणि इतर विमा कंपन्यांकडची न मागितलेली रक्कम दहा वर्षांनी तिथंच जाते. तिथून मागता येते, पण तिथं मुदत आहे. २५ वर्षांनी ती कायमची सरकारची होते. पॉलिसीची रक्कम एलआयसीच्या संकेतस्थळावर पॉलिसी नंबर, नाव आणि जन्मतारखेवरून बघता येते. शेअर आणि लाभांशाचं खातं वेगळं आहे, आयईपीएफ म्हणून, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीचा सरकारी निधी. आमच्या भागात ते फार घरांत नसेल, पण कुणी कंपनीत नोकरीला होतं तर बघा.

आणि एक वाईट बातमी. माझ्या चुलत्यानं ऊस घातलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते. जास्त व्याजाची पाटी होती. शटर पडलं, तीन वर्षं झाली. माझं काम झालेलं ऐकून तो आशेनं आला. त्याला मला सांगावं लागलं की उद्गम बँकांसाठी आहे, पतसंस्था त्यात येत नाही. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही. पतसंस्थेला तो नाही. ‘बँकेसारखीच आहे’ असं सांगून आमच्या जिल्ह्या-जिल्ह्यात लोकांना लुटलंय. हा पैसा बेवारस नाही, त्याचे वारस जिवंत आहेत, दर आठवड्याला बंद दारावर जाऊन येतात. चुलता माझ्यासमोर बसून होता आणि माझ्याकडं त्याला द्यायला कुठलाच संदर्भ क्रमांक नव्हता. मला हे फार लागलंय.

जानेवारीत मायच्या खात्यात पैसे आले. बचत आणि ठेव मिळून ६२ हजारांच्या थोडे वर. ठेवीची मुदत २००८ ला संपली, त्यानंतर तिला बचतीचंच व्याज, आणि निधीत गेल्यावरचं व्याज तर २०२१ पासून ३ टक्के आहे. म्हणून म्हणते, उद्या बघू असं करू नका. २००५ मध्ये तोळा सात हजारांच्या आसपास होता. अण्णांनी ठेवलेल्या पंचवीस हजारांत साडेतीन तोळे आले असते. पैसे हातात आले तेव्हा तोळा सव्वा लाखाच्या पुढं गेला होता. मिळालेल्या पैशांत अर्धा तोळाही धड येत नव्हता.

हा हिशोब मी मायला सांगितला नाही. तिनं तो स्वतःच केला होता. सराफाच्या दुकानावरून जाताना मी रिक्षा थांबवू का म्हणून विचारलं तर तिनं नको म्हटलं. पैसे माझ्याच पोस्टात मुदत ठेवीत टाकायला लावले. अर्ज भरताना पेन माझ्या हातात असताना तिनं पहिला प्रश्न विचारला, "माझ्या माघारी कुणाला, ते लिव्हलंस का आधी?" मी नॉमिनीच्या रकान्यात तिघांची नावं लिहिली. आधार समोर ठेवून, एकेक अक्षर जुळवून. बँकेतही १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात. तेही बघून घ्या.

जुनं पासबुक मायनं परत मागून घेतलं. सुटलेल्या पानांना तिनं सुईदोऱ्यानं टाके घातलेत.

गावात बातमी फिरली तशी आता माझ्या ओसरीत पिशव्या यायला लागल्यात. ऑफिस सुटल्यावर मी आणि माझी मुलगी बसतो, ती मोबाईलवर, मी कागदांवर. आजवर अकरा घरांचं बघितलं, चौघांचं सापडलं. काल शेजारच्या काकू आल्या होत्या. त्यांच्या मालकांना जाऊन चौदा वर्षं झाली. पिशवीत एक ग्रामीण बँकेचं पासबुक आहे, एलआयसीच्या दोन पावत्या आहेत आणि रेशनकार्ड. रेशनकार्डावर ‘बाबाराव’, पावतीवर ‘बाबूराव’, पासबुकावर नुसतं ‘बाबा’. आधी ग्रामीण बँकेचं बघते.